पुसायचं नाही!

सोलापूरच्या चाटी गल्लीत माझं टॉवेल-चादरीचं दुकान आहे. 32 वर्षं मी लोकांना पुसायचं साधन विकतो. ज्या खेळात पुसणं हाच मोठा गुन्हा, त्या खेळात मी जाऊन पडावं हा माझ्या कुंडलीतलाच दोष.

झालं असं की भाच्याच्या टीममधल्या दोघांनी ऐन वेळी टांग दिली. "मामा, 5 जण लागतातच. तुम्ही नुसतं उभं राहा." दुसरी जागा त्याने माझ्या मेव्हण्याला धरून भरली. होटगी रोडच्या पुढं एका माळावर पेंटबॉलची, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या बंदुकीनं एकमेकांवर झाडायच्या खेळाची स्पर्धा, एप्रिलचा रविवार, पारा 42.

मला वाटलं, रंगपंचमीच की! तिचा नियम एकच, नको म्हणेल त्याला आधी रंगवायचं. इथं मात्र नियम सांगण्यातच तास गेला. बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं. 1981 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या रानात 12 जण हा खेळ पहिल्यांदा खेळले, तेव्हा त्यांच्या हातात होतं ते झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं हत्यार. "म्हणजे आपण गुरं," मेव्हणा पुटपुटला. खेळ थांबला की मार्करच्या नळीला कापडी टोपडं चढवायचं, बाळाला घालतात तसं. मग प्रत्येक मार्करचा वेग मोजला. सेकंदाला 300 फुटांच्या वर गेला की मार्कर बाद. दुकानदार माणूस, मी तिथंच तोंडी हिशोब केला. ताशी सव्वातीनशे किलोमीटर! वंदे भारतला मुंबई गाठायला साडेसहा तास लागतात. ही बोराएवढी गोळी दीड तासात दादरला. आणि ती दादरला नाही, माझ्याकडे येणार होती.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि जाड हवेत, म्हणून घरातून स्वेटर निघाला. एप्रिलात. वर मास्क. तो मैदानात कशासाठीही उतरवायचा नाही. घाम येवो, नाकाला खाज सुटो, नाही म्हणजे नाही. माझ्या चष्म्यावर वाफ, तिच्यापुढं मास्कची काच, तिच्यावरही वाफ. 42 डिग्रीत मला माघातलं धुकं दिसत होतं.

अमेरिकेतल्या त्या पहिल्या सामन्यात जिंकणाऱ्याने म्हणे एकही गोळी झाडली नव्हती. हे ऐकून मला धीर आला आणि मी टायरच्या ढिगामागं बसलो. थोड्याच वेळात मांडीवर फट्कन बसली. मी आनंदाने हात वर केला. पंच, विशीतला पोरगा, वाकून बघून म्हणाला, "फुटली नाही काका. खेळा."

गोळीचं कवच जिलेटिनचं. उन्हात ते मऊ पडतं आणि गोळी आपटून उडून जाते. अंगावर फुटून रंग लागला तरच माणूस बाद. दुसरी खांद्यावर, तिसरी अशा जागी की दुकानात गादीवर बसताना आठवडाभर आठवण झाली. तिन्ही शाबूत! मरणाच्या कळा, पण मरायची परवानगी नाही.

चौथी मात्र थेट मास्कवर फुटली. सगळं जग पिवळं. आता सुटलो, हात वर करून बाहेर जायचं, हे डोक्याला कळलं होतं. पण हाताला कोण सांगणार? तो मागच्या खिशात गेला, आमच्याच दुकानातला पांढरा नॅपकिन निघाला आणि एका फटक्यात काच स्वच्छ.

शिट्टी वाजली. "पुसलं! काकांनी पुसलं!"

"अहो, घाम पुसला."

"पिवळा घाम?"

शिक्षा म्हणून मी बाद आणि माझ्याबरोबर एक साथीदारही. पंचाने बोट दाखवलं ते मेव्हण्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठंतरी वेळेवर पोचला होता, जिंकायला जो झेंडा गाठायचा त्याच्यापासून चार हातांवर. बाहेर येऊन बसला तो तोंड फिरवूनच. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दाजी, माझ्या तोंडाला पानं पुसलीत."

बाहेर मात्र पुसायला मुभा होती. बाद झालेली पोरं रंगानं बरबटलेली, एकापाठोपाठ एक माझ्याकडं येऊ लागली. "काका, तो नॅपकिन द्या की." मी डिकीतून गठ्ठाच काढला. शेवटी पंचही आला, कानामागचा रंग पुसला, कापड बोटांत चोळून बघितलं. "मस्त आहे ओ. डझनाला काय पडतं?"

मी त्याला एक पैसा सूट दिली नाही.