वरचा एक रुपया

वर्गणी चुकवण्यात माझा हात धरणारा पंचवटीत दुसरा कुणी नव्हता. जिन्यात पावतीपुस्तकवाली पोरं दिसली की मी बाथरूममध्ये. नळ सोडायचा आणि मोठ्याने रामरक्षा सुरू करायची. रामरक्षा म्हणणाऱ्या ओल्या माणसाकडे पैसे मागायला कुणाची जीभ रेटत नाही. बाहेर बायको ‘उद्या या’ म्हणून दार लावून घ्यायची.

अशा माणसाच्या हातात पावतीपुस्तक आलं, ते त्याच्याच तोंडामुळे. मुलगी जिथे गाणं शिकते त्या क्लासमधल्या 6 पोरांना मे महिन्यात 8 दिवसांच्या निवासी संगीत शिबिराला पाठवायचं होतं. फी माणशी 8,500. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई डबे करते. एवढे पैसे एकदम काढणं सहापैकी एकाही घराला जमणारं नव्हतं. पालकसभेत मी बोलून गेलो, “एवढ्या मोठ्या नाशकात 51 हजार जमत नाहीत होय?” क्लासच्या ताईंनी तानपुरा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बरं झालं, तुम्ही बँकेतलेच आहात.”

पहिला गड मेनरोडवरचं कापडाचं दुकान. मालकांना गाण्याची आवड आहे असं कळलं होतं. मी तयारीनिशी गेलो. म्हटलं, थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजेरजवाड्यांच्या नव्हे, तुमच्या-आमच्यासारख्यांच्या पैशावर. उतारवयात ते इथंच नाशकात आले, रामनामात रमले.

“इथं का आले?” मालकांनी गज खाली ठेवत विचारलं.

मी भाबडेपणाने खरं ते सांगितलं. महाविद्यालयाच्या मुंबईतल्या इमारतीचं कर्ज डोईजड झालं, सावकारांनी लिलाव केला.

“म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचाही यात पैसा बुडालाच ना?”

मग त्यांनी 80जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, प्रमाणपत्र मागितलं. मी आनंदाने पुढे केलं, कारण संस्थेचं ते प्रमाणपत्र हीच माझ्या पिशवीतली एकमेव भारी वस्तू होती. त्यांनी सीएला फोन लावला. सीए म्हणाला, शेठ, आपण नव्या कररचनेत गेलो, त्यात ही वजावट नाही. मालकांचा चेहरा एकदम हलका झाला. 501 दिले. वरचा एक रुपया गल्ल्यातून शोधून, कपाळाला लावून दिला. 500 देताना असं काही केलं नव्हतं.

या वरच्या रुपयाचं मला पुढे फार कौतुक वाटू लागलं. 101, 251, 501. फोनवरून पाठवणारेही 101 च पाठवतात. एकाने 100 पाठवले, दोन मिनिटांनी चुटपुट लागून 1 वेगळा पाठवला आणि म्हणाला, पावती एकच करा.

पिंपळगावकडचे एक बागाईतदार म्हणाले, “बाग उतरली की या.” बाग उतरल्यावर गेलो तर व्यापारी पैसे बुडवून पळालेला. त्यांची हकिकत ऐकून मीच त्यांना काहीतरी द्यावं असं वाटायला लागलं. निघताना त्यांनी द्राक्षांचे दोन क्रेट गाडीत ठेवले. आंबटगोड द्राक्षांनी गळा बसेल म्हणून ताईंनी गाणाऱ्या पोरांना हात लावू दिला नाही. तबल्यावाल्या दोघांनी दोन दिवसांत क्रेट साफ केले. हा निधी मी हिशेबात कुठे दाखवायचा?

शेवटी ठरलं, पोरांनाच लोकांसमोर बसवू. हॉलचं भाडं ऐकून आम्ही पेट्रोल जाळत परत आलो. तेव्हा ओळखीच्या एका मिसळवाल्याने जागा देऊ केली, रविवारी सकाळी. नाशकात रविवारी सकाळी मिसळीला जेवढी माणसं असतात तेवढी देवळातही नसतात, तेव्हा श्रोत्यांची चिंता नव्हती. सतरंजी टाकली, समोर पत्र्याचा डबा. आमच्या रिक्षावाल्यांच्या पोरीने विलंबित एकतालात अहिर भैरव सुरू केला. बारा मात्रांचं आवर्तन सावकाश फिरत होतं. पोरगी डोळे मिटून समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे निघाली, तबलजीने मान उचलली, आणि बरोब्बर समेवर वेटर ओरडला, “तीन नंबरला रस्सा!”

हशा पिकला. पोरीने डोळे उघडले नाहीत. पुढच्या आवर्तनाला वेटर पुन्हा समेवर, “दोन पाव!” तिसऱ्यांदा तो समेवर आला तेव्हा तबलजीच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो आजवर ताईंनाही मिळालेला नाही. नंतर तो मला म्हणाला, “काका, त्या दादालाही शिबिराला न्यायचं का?”

डब्यात 1,846 रुपये, एका विमा एजंटाचं कार्ड आणि मिसळीचं एक टोकन निघालं. टोकन मी वटवलं. नंतर कळलं, पोरांना मिसळ फुकटच होती.

सगळं मिळून 49,900 झाले. 1,100 कमी. फी भरायला दोन दिवस उरलेले, आणि ओळखीचं एकही दार शिल्लक नाही. शिल्लक होतं ते फक्त आमच्या गल्लीतल्या मंडळाचं कार्यालय.

आत पोरं कॅरम खेळत होती. मी रडतखडत सगळं सांगितलं. अध्यक्षाने शांतपणे ऐकून घेतलं, स्ट्रायकर बाजूला ठेवला आणि म्हणाला, “काका, गाण्याची पोरं आहेत, मंडळ 1,101 देणार. पावती फाडा.” माझा गळा दाटून आला. मी पावती फाडेपर्यंत त्याने खालच्या खणातून आपलं पुस्तक काढलं.

“आता तुमचं. तीन वर्षं तुम्ही अंघोळच करताय. 501 प्रमाणे 1,503.”

मी पाकीट उघडलं. 500 च्या तीन नोटा निघाल्या. सुटे चाचपले, दोनच रुपये. शिबिराच्या पाकिटात आता 51,001 होते, म्हणजे एक रुपया तिथे जास्तीचा पडलेला. अध्यक्षाला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, हात तिकडे जाईना.

“राहू द्या काका,” तो म्हणाला, आणि माझ्या नावासमोर ठळक अक्षरात लिहिलं: बाकी रु. 1.