दहा नंबरचा बोल्ट कसा मोडावा

गाडीचं काम घरीच करायचं ठरवलंय न्हवं, मग पहिल्यांदा घाई करा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, बदलायला मेकॅनिक 300 रुपये मागतोय आणि बोल्ट किती, तर दोन. ही लूटच की ओ. मोबाईलवर तो माणूस सात मिनिटांत बदलून दाखवतोय, त्यातली दोन मिनिटं तर 'नमस्कार मित्रांनो' मधेच गेलेली. तुमच्याकडं तर आख्खा रविवार आहे, फक्त बायकोला दुपारी बेळगावातनं खानापूरला बहिणीकडं सोडायचंय एवढंच.

गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं असतं म्हणतात. अजिबात मारू नका, रात्र झोपायला असते. बोल्ट लोखंडाचा, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात इंजिन थंड ठेवायच्या कूलंटच्या जागी आपण इतकी वर्षं नळाचं पाणी ओतलेलं, आणि जांबोटी-चोर्ल्याचा पाऊस गाडीनं दरसाल खाल्लेला. दोन वेगळे धातू असे ओल्यात एकमेकाला चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि बोल्ट सिमेंटात बसवल्यासारखा बसतो. पण हे असलं वाचत बसला तर काम कधी करणार?

दहा-अकराचा पाना लावा. हलत नाही? बोअरच्या कामातला उरलेला दोन फुटी पाईप असेलच माडीवर, तो पान्याच्या शेपटीवर चढवा. हा बोल्ट डोक्याला दहाचा, पण अंगानं 6 मिलिमीटरचाच, त्याला आवळायला 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात म्हणजे नुसतं मनगट, आणि दोन फुटी पायपावर वीस किलोचा रेटा दिला की होतात 120. बारा पट! घरात मोठं कोण ते कळू दे की त्याला.

एव्हाना गल्ली गोळा झालेली असते. समोरचे रिटायर्ड काका "डावीकडं, डावीकडं" म्हणतात, शेजारचे अण्णा "एडक्क तिरगसरी" म्हणतात, आणि दोघं एकच सांगायलेत हे तुमच्या ध्यानातच येत नाही, कारण तुम्ही बॉनेटात उलटे वाकलेले आणि आपलं डावं कुठलं हाच मोठा प्रश्न. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि इथं मराठी-कन्नड एकमत होऊन तुम्ही मात्र उजवीकडं रेटताय.

मग तो क्षण येतो. पाना एकदम मऊ होतो, लोण्यात फिरल्यासारखा, आणि तुम्ही "सुटला!" म्हणून ओरडता. ओरडून घ्या, एवढाच आनंद आहे आजचा. कारण पाना वर येतो तेव्हा त्यात नुसतं बोल्टाचं डोकं असतं, खालच्या अंगाला ताजी करडी चकाकी आणि पिळल्यासारखी गोल नक्षी. काका म्हणतात, "मी सांगत होतो."

दुसरा बोल्ट नशिबानं निघतो, थर्मोस्टॅटवरचं झाकण, म्हणजे हाउसिंग, उचललं की खाली पाव इंच खुंटी उभी दिसते. आता व्हाइस ग्रिपनं, म्हणजे घट्ट धरून बसणाऱ्या पकडीनं, ती खुंटी धरून, थोडी गरम करून, मागं-पुढं हलवत काढायची असते, ते करू नका, त्यात मजा नाही. ग्राइंडर आणा आणि खुंटी घासून पार सपाट करा. आम्ही केली. ड्रिल सरळ बसायला सपाट जागा पाहिजे असं त्या सात मिनिटवाल्यानं सांगितलेलं. ड्रिलसाठी मधोमध खळगा पाडायचा सेंटर पंच नसला तर खिळा आहेच. बिट कडक लोखंडावरनं घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमात सुरेख भोक पाडतं, आणि तुम्हाला वाटतं काय भराभर काम व्हायलंय.

यापुढं आत घालून उलटा फिरवायचा ईझी-आउट मिळतो, तो बोल्टापेक्षा कडक असतो आणि आत मोडला की त्याला ड्रिल चावतसुद्धा नाही. आमच्याकडं त्याचं दुकान रविवारी बंद होतं, म्हणून तेवढं राहून गेलं. तुम्ही आदल्या दिवशीच आणून ठेवा.

सोमवारी गाडी टो करून उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, नेली. वेल्डरनं आधी बॅटरीची वायर काढायला लावली, मग तुटक्या बोल्टावर वेल्डिंगचा ठिपक्यावर ठिपका चढवला. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळं हेडाला काही झालं नाही. त्यावर एक चाकी, म्हणजे नट, ठेवून आतनं भरली, थंड होऊ दिली, दोनदा मागं-पुढं केली आणि बोल्ट बाहेर. चहा यायच्या आत. ड्रिलनं खाल्लेल्या आट्यांत मात्र नव्या आट्यांची कॉईल बसवायला लागली.

"वरचा तुकडा होता न्हवं थोडा? कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"घासला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वेल्डिंगच्या मास्कची काच उगीचच पुसली.

कॉईल, वेल्डिंग, टोइंग धरून 2,150 झाले. थर्मोस्टॅट बसवायचे 300 वेगळे, त्याच मेकॅनिकला. आणि बायको रविवारी दुपारीच कर्नाटकातल्या बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेच्या झिरो तिकिटावर लाल बसनं खानापूरला जाऊन, बहिणीकडं जेवून, संध्याकाळी तशीच फुकट परत आली होती. दारातनंच विचारलं, "सुटला काय ओ?"