पुरुषांचे केस 'मुळातच' आखूड? एक खुलासा

'स्त्रियांचे केस पुरुषांच्या दुप्पट वेगाने वाढतात, पुरुषांचे ठरावीक लांबीला थांबतात' हा मेसेज सध्या फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

डोक्यावरचा केस दोघांचाही महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. पडताळायचं असेल तर केस रंगवणाऱ्या कुणाचंही डोकं महिन्याभराने बघा: मुळाशी पांढरी पट्टी साधारण तेवढीच दिसते, बाई असो वा बुवा. लांबी ठरते ती केस गळण्याआधी किती काळ वाढत राहतो त्यावर. हा काळ साधारण २ ते ६ वर्षं असतो आणि माणसागणिक बदलतो. बाकी काम कात्रीचं!

हार्मोन्सचा केसांशी संबंध आहे, पण तो वेगळ्या प्रकारे. अँड्रोजेन्समुळे (पुरुषांमध्ये जास्त असणाऱ्या हार्मोन्समुळे) दाढीची बारीक लव जाड होते. तेच हार्मोन टाळूवरच्या, आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या मुळांना बारीक करत नेतात. पुरुषांना टक्कल पडतं ते बहुतेकदा यामुळे. गरोदरपणात केस दाट वाटतात, कारण ते कमी गळतात. बाळंतपणानंतर गळतात ते हेच थांबलेले केस.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, मीही तेच करतोय.