मिगमधला छोटा आय

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा निरोपाच्या पोस्टींसोबत त्या पोस्टी दुरुस्त करणाऱ्यांनाही ऊत आला. त्यातली एक दुरुस्ती अजून फिरतेय: 'मिग हा शॉर्टफॉर्म आहे, एचएएलसारखाच (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड). म्हणून इंग्रजीत तिन्ही अक्षरं कॅपिटल. मधला आय स्मॉल काढणं ही इंटरनेटनं पसरवलेली चूक. सुखोईचं एसयूही दोन्ही कॅपिटल.'

शॉर्टफॉर्म आहे, इथवर कबूल. पण कशाचा? 'मिकोयान इ गुरेविच' याचा. आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच या दोघांचा डिझाइन विभाग डिसेंबर 1939 मध्ये मॉस्कोत सुरू झाला. मधला 'इ' म्हणजे रशियनमधलं 'आणि'. त्या आयमागे तिसरा भागीदार नाही की 'इंटरसेप्टर'ही नाही. शाळेत शिकलेलं साधं उभयान्वयी अव्यय आहे ते. दोन आडनावांच्या मध्ये उभं राहिलं म्हणून त्याला आडनावाचा मान मिळत नाही. रशियन लिपीतही ते अक्षर छोटंच काढतात आणि ही पद्धत इंटरनेटच्या कितीतरी आधीची. शिवाय तिकडे 'मिग' असा सगळ्या छोट्या अक्षरांतला शब्दही आहे, त्याचा अर्थ 'क्षण'.

एचएएलचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर एकेका वजनदार शब्दाचं आहे. दाखला द्यायचाच तर दूरसंचार विभागाच्या डीओटीचा द्या. त्यातला 'ऑफ'चा ओ छोटा लिहितात आणि कुणाची तक्रार नसते.

बरं, सगळी कॅपिटल केली तर बिघडतं काय? त्या तीन मोठ्या अक्षरांना आधीच मालक आहेत. वांद्रे पूर्वेची एमआयजी कॉलनी, म्हणजे मिडल इन्कम ग्रुप. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधलं मिग वेल्डिंग, म्हणजे मेटल इनर्ट गॅस. तिथे तीन अक्षरं म्हणजे तीन शब्द, तेव्हा कॅपिटल रास्तच. (नाशिककडे 'ओझर मिग' म्हणतात ते मात्र विमानावरूनच. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत, सुटलो.)

सुखोईची गोष्ट आणखी वेगळी. एसयू ही आद्याक्षरंच नव्हेत. पावेल सुखोई या एका माणसाच्या आडनावाचा तो पहिला तुकडा आहे. तुपोलेवचं 'तु', अंतोनोवचं 'अन' तसंच. आडनाव लिहिताना पहिलं अक्षर मोठं आणि पुढचं छोटं, तेच इथे. ओझरला बनलेल्या सुखोई-30 एमकेआयचं इंग्रजी नाव एकदा नीट बघा, दोन्ही नियम एकाच ओळीत सापडतील. एस मोठा, यू छोटा, मग आकडा, आणि पुढे एम, के, आय तिन्ही मोठे. कारण ते खरोखरच तीन रशियन शब्द आहेत. अर्थ: आधुनिक केलेलं, व्यापारी, भारतीय.

जाता जाता, रशियनमध्ये 'सुखोई'चा अर्थ कोरडा. आपला 'सुका' संस्कृत 'शुष्क'वरून आला आणि शुष्क व सुखोई यांचं मूळ एकच. उच्चार खरं तर 'सुखॉय'च्या जवळचा, जोर शेवटी. पण मराठीत सुखोई रुळलंय, ते बदला असं मी म्हणणार नाही.

त्याच पोस्टींखाली काही जण एमआय-17 मध्ये 'राहिलेला' जी भरून देत असतात. कृपा करून भरू नका. ते मिखाईल मिल यांच्या संस्थेचं हेलिकॉप्टर, तर मिग-17 हे लढाऊ जेट. एका जीच्या फरकानं पंखाच्या जागी पाती येतात.

एका ठिकाणी मात्र कॅपिटलवाल्यांची बाजू घेतो. इल्युशिन या आणखी एका रशियन विमान-नावाच्या 'इल'मध्ये नियमानं आय मोठा आणि एल छोटा हवा. पण साध्या टाइपात तसं लिहिलं की दोन उभ्या काठ्या दिसतात. गोव्याच्या हंसा तळावर ऑक्टोबर 2023 पर्यंत असलेलं नौदलाचं इल-38 विमान मग रोमन दोन-38 वाचलं जातं. तिथे कुणी एलही मोठा काढला, तर मी दुरुस्त करायला जात नाही.