हॉल मिळाला का?

मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं की लोक आधी 'अरे वा' म्हणतात आणि त्याच दमात 'हॉल मिळाला का?' विचारतात. जावई कुठला, काय करतो, या चौकशा नंतरच्या. आमच्या पुण्यात मुलगा आधी बघावा की कार्यालय, यावर जाणत्या लोकांत सरळ दोन तट आहेत. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाच कार्यालयांचे दर काढून ठेवले होते. मुलगा काय, मिळतोच कुठेतरी, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या मुलीचं जमलं २०२३ च्या मे महिन्यात. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. व्याही नाशिकचे, सुस्वभावी, देणं-घेणं काही नको म्हणणारे. म्हणजे बैठकीत वाद घालायलाही काही नाही. मी म्हटलं, जूनमध्ये उरकून टाकू. माझं स्वतःचं लग्न याद्या झाल्यावर महिन्याभरात लागलेलं आहे आणि ते अजून टिकून आहे.

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. २९ जूनला आषाढी एकादशी. देव झोपले की मुहूर्त संपले. एरवी ते चार महिन्यांनी उठतात, पण त्या वर्षी श्रावण अधिक आलेला. म्हणजे श्रावण दोन, चातुर्मास पाच महिन्यांचा आणि कार्तिकी एकादशी थेट २३ नोव्हेंबरला. मग तुळशीचं लग्न, मग माणसांची. ज्यांचं अगदीच अडलंय त्यांच्यासाठी पंचांगात गौणकाळातले मुहूर्त दिलेले असतात, ते मी सुचवून पाहिले. आईनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आपलं काय अडलंय रे? लोक बोटांवर महिने मोजतील." विषय तिथेच मिटला.

मग 'भरपूर वेळ आहे' असं सगळे एकमेकांना सांगू लागले. लग्नघरात याच्याइतकं घातक वाक्य दुसरं नाही.

वेळ भरपूर असला तरी तारखा नव्हत्या. पाच महिने तुंबलेली गावातली सगळी लग्नं तुळशीचं लग्न उरकण्याची वाट बघत उभी होती. कार्यालयाच्या मॅनेजरपुढे एक जाडजूड वही. पेन्सिलनं लिहिलेलं म्हणजे चौकशी, पेननं लिहिलेलं म्हणजे ॲडव्हान्स. मी डिसेंबर म्हटल्यावर त्यानं वही न उघडताच विचारलं, "कुठल्या सालचा?"

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला दया आली असावी. त्यानं पानं उलटली. "एक बुधवार आहे. पेन्सिल पडलीय, पण ती पार्टी येणार नाही."

"कशावरून?"

"मुलाकडचे म्हणतात रविवार हवा. मुलीकडचे म्हणतात मुलगा नको."

मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स भरला. त्या अनोळखी मुलीचा मी आजन्म ऋणी आहे. घरी येऊन गुरुजींना फोनवर तारीख सांगितली. आधी मुहूर्त आणि मग हॉल, ही आजोबांच्या काळातली रीत. गुरुजींनी पुन्हा पंचांग उघडलं, बराच वेळ पानं वाजली आणि त्याच बुधवारी दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा अतिशय उत्तम मुहूर्त निघाला. शास्त्रात सगळ्याची सोय आहे, फक्त पावती फाडलेली हवी.

आता हॉल मिळाला, मुहूर्त मिळाला, हातात सहा-सात महिने. हाताशी वेळ असला की कामं निवांत होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी लग्नकार्य काढलेलं नसतं. कामं होत नाहीत. झालेली कामं पुन्हा निघतात. जूनमध्ये आमचं ताट ठरलं होतं: वरण-भात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, जिलेबी. सुटसुटीत. पण मधल्या काळात आम्ही लोकांच्या साखरपुड्यांना, बारशांना, साठीशांतींना जात राहिलो. जिथे जेवून आलो तिथला एकेक पदार्थ आमच्या ताटात येऊन बसला आणि जिथून आमंत्रण आलं ते घर आमच्या यादीत. गणपतीपर्यंत पनीर आलं, नवरात्रात चाट आली. दिवाळीच्या आसपास केटररनं शांतपणे विचारलं, "काका, अळू ठेवायचं का?"

शालूचं तसंच. जुलैत लक्ष्मी रोडवर घेतलेला शालू ऑक्टोबरात 'तेव्हा बरा वाटला होता' या सदरात गेला. मग पैठणी येवल्यालाच जाऊन घ्यायची ठरलं, कारण व्याही नाशिकचे आणि येवला त्यांच्या जिल्ह्यातलं. एवढ्या कारणावर दोन गाड्या निघाल्या. हाताशी दीड महिना असता तर मुलगी जुलैतल्या शालूत सुखानं बोहल्यावर चढली असती आणि तो शालू तिला सुंदरच दिसला असता.

पत्रिकेची प्रुफं हे वेगळंच प्रकरण. मुलीला मोबाइलवर पाठवायची चित्राची पत्रिका हवी होती, आईला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हवं होतं. दोन्ही झाल्या. छापील पत्रिकेत आशीर्वाद देणाऱ्यांची नावं वयाप्रमाणे की नात्याप्रमाणे, यावर आमच्या घराण्यात जेवढी चर्चा झाली तेवढी वाटण्यांच्या वेळीही झाली नव्हती. त्यात सगळ्यात वर नाव होतं ते माझ्या नव्वदीपार चुलत काकांचं. लांबचा मुहूर्त काढणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट सतत असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. सुतक. त्या सहा महिन्यांत काकांच्या प्रकृतीची आम्ही जितक्या मायेनं विचारपूस केली तितकी आधीच्या वीस वर्षांत केली नव्हती. थंडी पडताच त्यांना स्वेटर गेला. गुरुजींनी दिलासा दिला की एकदा नांदीश्राद्ध झालं की मग अडचण नाही. तेव्हापासून आमच्या डोळ्यांपुढे १२.३७ नव्हतं, सकाळचं नांदीश्राद्ध होतं. पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीपुढे ठेवताना मी वधूवरांच्या आधी काकांसाठी हात जोडले. काका लग्नाला आले, जिलेबी दोनदा मागून घेतली आणि जाताना माझ्या कानात म्हणाले, "तू अलीकडे फार फोन करतोस. तब्येत बरी आहे ना तुझी?"

ऑगस्टमध्ये एकदा मुलगी वैतागून म्हणाली होती, "बाबा, आपण सरळ रजिस्टर करू." वकील असलेल्या मित्राकडून मी माहिती काढली आणि भारावून गेलो. लग्नाला किती वेळ लागतो, या प्रश्नाचं नेमकं उत्तर या देशात फक्त १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दिलंय. नोटीस द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन या. आणि तीन महिन्यांत लग्न केलं नाहीत तर ती नोटीस बाद, पुन्हा नवी द्या. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की यापेक्षा जास्त वेळ लोकांच्या हाती देण्यात अर्थ नाही. त्या तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते, हे ऐकून सांगलीची माझी ताई एकदम सावरून बसली. पण हरकतीची कारणं कायद्यानं ठरवून दिलेली: वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं. 'पंगत नाही, बुफे आहे' हे त्यात बसत नाही म्हटल्यावर तिचा कायद्यावरचा विश्वासच उडाला. मुलीची सूचना बहुमतानं फेटाळली गेली. एका बाजूला मी आणि ती, समोर आईसकट सगळे.

शिंप्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलीचे, हिचे, आईचे मिळून ब्लाउजांचं मोठं गाठोडं हिनं सप्टेंबरातच नेऊन टाकलं. लवकर दिलं की लवकर मिळतं, हा हिचा हिशेब. शिंपी नको म्हणत होता, पण हिनं मापं देऊनच सोडली. नोव्हेंबरात केळवणं सुरू झाली. एका घरी श्रीखंड-पुरी, दुसऱ्या घरी बासुंदी, तिसऱ्या घरी 'एवढं काय, घरचंच आहे' म्हणून पुरणपोळी. नवरीला एकटीला बोलावत नाहीत, आम्हा सगळ्यांनाच. शेवटच्या आठवड्यात ब्लाउज आले आणि एकाचाही हूक लागेना. ही रडकुंडीला येऊन दुकानात गेली. शिंप्यानं शिलाई उसवायला घेतली आणि मान वर न करता म्हणाला, "घाबरू नका वहिनी. केळवणांची माया सोडलेली आहे आत, दोन बोटं."

बाकीची सगळी कामं त्याच आठवड्यात झाली. फेटे बांधणारा, सनईवाला, पाहुण्यांच्या खोल्या, रुखवतातला खिडकीएवढा चिवड्याचा डबा, सगळं. इतके महिने काय केलं, असं कोणी कोणाला विचारलं नाही.

प्रत्यक्ष मुहूर्ताला अंतरपाट धरलेला, गुरुजी घड्याळ बघतायत, आणि नवरीचा पत्ता नाही. फोटोग्राफर तिला कार्यालयाच्या जिन्यावर वरून खाली आणि खालून वर चालवत होता, पैठणीचा पदर नीट पडेपर्यंत. शेवटी मामानं दोघांनाही ओढत आणलं. १२.३७ साधलं की नाही, हे गुरुजींना आणि देवालाच माहीत; मंगलाष्टकांच्या आवाजात मला कुठे घड्याळ दिसतंय. पाठवणीनंतर रिकाम्या हॉलमध्ये पाय दाबत बसलेली ताई मला म्हणाली, "सगळं छान झालं रे. जरा घाई झाली एवढंच."

लग्न झालं तरी अल्बम बाकी होता. फोटोग्राफरनं चार हजार फोटो दिले आणि त्यांतले दोनशे निवडून द्या म्हणाला, सावकाश द्या, घाई नाही. हे त्यानं बोलायला नको होतं. मुलीची निवड, जावयांची निवड, व्याह्यांची निवड, ताईचे डोळे मिटलेले फोटो वगळून उरलेली निवड, असं करत तो पेनड्राइव्ह पुणे-नाशिक-सांगली फिरतोय. परवा फोटोग्राफरचाच फोन आला. "काका, आता उरका. माझंच लग्न ठरलंय. दीड महिना हातात आहे आणि काहीच झालेलं नाही. ना हॉल, ना कपडे, ना पत्रिका."

मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं.