हॅपी कोड

"मॅडम, चार अंक का एक कोड आया होगा. बता दीजिए, तो मैं निकलूँ."

मी फोनवर सांगितला आणि तिथेच फसले. मिक्सर दुरुस्तीचा मुलगा निघाला असेलही, पण आमच्या घरी यायला नाही. पाच मिनिटांत कंपनीचा मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे, पाचपैकी तारे द्या. त्या चार आकड्यांना हॅपी कोड म्हणतात, हे मला नंतर कळलं. ग्राहक सुखी झाल्याची ती पावती. म्हणजे मी सुखी असल्याचं मीच माझ्या तोंडानं कळवलं होतं, आणि ओट्यावर आठ महिन्यांचा मिक्सर नुसता घुंघुं करत होता. पातं ढिम्म. जारच्या बुडाचा, पातं फिरवणारा रबराचा कपलर गेला होता आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी.

शेंगदाण्याचा कूट खलबत्त्यात केला. "पूर्वी असंच करायचे," हे पेपरामागून म्हणाले. पूर्वी नवरे खलबत्ता तरी उचलून द्यायचे, हे मी बोलले नाही. उपास होता.

टोल-फ्री नंबरवर कळलं, की मिटलेली तक्रार पुन्हा उघडत नाही. नवी करायची. नवा नंबर, नवा कोड. गल्लीतला मिस्त्री "साठ रुपये, दस मिनट" म्हणत होता, पण वॉरंटी दोन वर्षांची असताना साठ रुपये मी का द्यायचे? तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्वासाठी सर्व्हिस सेंटरला जायला-यायला रिक्षाचे एकशे चाळीस झाले. ज्या इंदूरमध्ये कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करून न्यायला रोज सकाळी गाडी गाणं वाजवत दारात येते, तिथे मिक्सरला मात्र आपणच जिना चढवून दुसऱ्या मजल्यावर न्यायचं.

टोकन मिळालं त्रेचाळीस. चालू होतं नऊ. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"मराठी?" शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. "रामबाग, की नारायण बाग?"

"रामबाग."

"वाटलंच," ते म्हणाले. कशावरून, ते सांगितलं नाही.

सत्तरीचे असतील. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात फाइल, फाइलला वर प्लास्टिकचं कव्हर. त्यांच्याकडे टोकन नव्हतं. टोकनाची त्यांना गरजही नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना विचारून पंख्याचा वेग कमी केला, यावरून मी काय ते समजले. मी लिहून आणलेला दीड पानाचा हिंदी अर्ज त्यांनी हात पुढे करून मागितला आणि खिशातून लाल पेन काढलं.

"'अत्यंत खेद के साथ'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. गीझरवाला, कुकरवाली आणि दारावरचा गार्ड ऐकायला लागले. "खेद कुणाला, तुम्हाला की मिक्सरला?" काट. "'हमारे यहाँ एकादशी थी.' एकादशी वॉरंटीत येते का?" काट. "'मैं पच्चीस साल से शिक्षिका हूँ.' हे मिक्सरला सांगितलं होतं का?"

गार्ड हसला. मला त्याचा अजून राग आहे.

"ताई, अर्जात रडायचं नाही. रडायला घर आहे. कधी घेतला, बिल नंबर, मॉडेल नंबर, काय बिघडलं ते एका ओळीत, आणि तुम्हाला काय हवं. हे शेवटचंच तुम्ही लिहिलं नाही. दीड पान झालं, पण नवा कपलर हवा असं कुठेच नाही! कंपनीनं काय, दुःखात सहभागी व्हायचं? आणि खाली लिहायचं, पंधरा दिवसांत झालं नाही तर पुढे जाईन."

"पुढे म्हणजे?"

त्यांचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणूनच ते तिथे येऊन बसत असावेत. आधी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मग जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०ला लागू झाल्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनी कुठली का असेना. मुदत दोन वर्षं. हे सगळं त्यांनी पाढे म्हणावेत तसं म्हटलं.

"बिल?"

मी पर्समधून बिल काढलं. दुकानातून आणलं तेव्हा त्यावर अक्षरं होती, हे मी शपथेवर सांगते. आता घडी घातलेला गुळगुळीत, कोरा कागद. मागच्या बाजूला मात्र आधीच छापलेलं ठळक शाबूत होतं: बिका हुआ माल वापस नहीं होगा.

"थर्मल कागद," काका हळहळले. "घेतल्या दिवशी फोटो काढायचा असतो. पैसे यूपीआयनं दिलेत ना? मग ती नोंद जोडा. आणि हे छापतातच कसे? खराब माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेतला नाही तर ती अनुचित व्यापार प्रथा आहे!"

"पण मला आठ महिने झाले."

"तुमचं गेलं हो. पण वाक्य चूक आहे की नाही?"

त्यांची स्वतःची तक्रार कुकरच्या रिंगची. अकरा महिने चालू. रिंग एकशे दहा रुपयांची. बायकोनं कंटाळून दुसऱ्याच महिन्यात नवा कुकर आणला.

"मग आता या रिंगचं काय करणार?"

भर आरतीत मी प्रसाद कधी असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काउंटरवरच्या मुलीनं नंतर हळूच सांगितलं, की रिंग येऊन सहा महिने झाले. ड्रॉवरमध्ये आहे. काका पॅकिंगवर ग्राहक सेवेचा पत्ता नीट छापलेला नाही म्हणून घेत नाहीत. चोवीस डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ते साऱ्या स्टाफला जिलबी आणतात. १९८६ साली त्या तारखेला पहिल्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, हेही मुलीला पाठ झालंय.

सात ओळींचा अर्ज दिला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्क्यासाठी पाऊण तास. शाईचं पॅड वाळलं होतं. माणूस सुट्टी टाकून, रिक्षा करून, अनोळखी म्हाताऱ्याकडून चारचौघांत पेपर तपासून घेतो, तेव्हा साठ रुपयांचा रबराचा तुकडा मिळण्याची शक्यता निर्माण होते, याला ग्राहक सेवा म्हणायचं! चिडचिड झाली ती गेलेली नाही.

सहाव्या दिवशी मुलगा आला. हेल्मेट काखेत, शर्टाच्या खिशात कपलर. जार पालथा केला, वर एका हातानं फडक्यात पातं धरलं, खाली पकडीनं कपलर फिरवला. मला वाटलं, उलटा आवळतोय. "इसके आटे उल्टे होते हैं," तो म्हणाला. चार मिनिटं. मग मान खाली घालून, "मॅडम, वो कोड..."

आवाज तोच होता.

मी म्हटलं, आधी चटणी होईल. खोबरं, मिरच्या, कोथिंबीर घातली, अगदी सावकाश. त्या दिवशी कोड आधीच का मागितलास, विचारलं. यादीत अकरा घरं होती, म्हणाला, आणि तक्रार दिवसभरात बंद झाली नाही तर पैसे त्याचे कापतात, कंपनीचे नाही. मी मनात सात ओळींचा अर्ज तयार ठेवला होता. तो कुणाच्या तोंडावर फेकायचा, ते कळेना.

चटणी झाली. फोन पाहिला. कोड आला नव्हता. त्यानं पुन्हा पाठवला. नाही. गॅलरीत जाऊन पाहिलं. नाही. अर्धा तास झाला. तो स्टुलावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला, मी त्याला पोळी-चटणी दिली, यांनी पेपरचं एक पान दिलं.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "एक शिकायत डाल दीजिए ना, कि कोड नहीं आ रहा."