खोडदची शांतता, जुन्नरची रेल्वे

काकांचा गाळा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, घर कोपरखैरण्यात आणि जीव ओतूरजवळच्या गावात. २०२५च्या डिसेंबरात लोकसभेत सांगण्यात आलं की पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून नेता येणार नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला तिचा अडथळा होईल, म्हणून मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून जाईल. त्या रात्री काकांचा फोन आला. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचं काहीतरी बघायचं, म्हणून आमच्या पोरांनी अजून किती वर्षं नाशिक हायवेवर अडकून राहायचं? तू तिकडं तसल्याच दुर्बिणीच्या शेजारी राहतोस ना? मग तूच सांग."

मी नेदरलँड्समध्ये आसेनला राहतो. सायकल काढली की दीडेक तासात एक्स्लोच्या माळावर पोचतो. तिथे लोफार ही रेडिओ दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणून डोळ्यांपुढे जे येतं तसं तिथे काहीच नाही. गवतात रोवलेले खांब, त्यांना ताणलेल्या तारा, काळ्या आच्छादनाखालचे चौकोन. खोडदला निदान ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दिसतात तरी. पण दोन्हींचं काम एकच: आकाशातून येणाऱ्या मंद, लांब रेडिओ लहरींच्या खुणा टिपणं.

काकांना मी आधी पॉर्फिरियनबद्दल सांगितलं. बऱ्याच दीर्घिकांच्या मध्यभागी सूर्याच्या लाखो-कोट्यवधीपट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्यात वायू पडू लागला की सगळाच आत जात नाही. काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोतासारखा बाहेर फेकला जातो. त्यातले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. सप्टेंबर २०२४मध्ये असे दोन झोत जाहीर झाले, त्या जोडीचं नाव पॉर्फिरियन, टोकापासून टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेसारख्या १४० दीर्घिका एकापुढे एक मांडल्या तर ती लांबी भरते. विश्वाचं वय आजच्या निम्म्याहून कमी होतं तेव्हाचं हे दृश्य. झोत दिसले ते लोफारला. पण ते नेमके कुठल्या दीर्घिकेतून निघाले, हे शोधायला जीएमआरटीची नजर लागली. माझ्या सायकलच्या टप्प्यातला माळ आणि काकांच्या गावाजवळचं खोडद यांनी मिळून लावलेला हा शोध आहे. हे सांगताना माझा आवाज चढला होता, काकांच्या लक्षात आलं असावं.

एवढ्या लांब लहरीच का ऐकायच्या? झोतातले इलेक्ट्रॉन म्हातारे होतात तशा त्यांच्या वरच्या वारंवारितेच्या लहरी आधी विझतात. कृष्णविवर शांत झाल्यावर मागे उरलेले जुने ढग दिसतात ते फक्त खालच्या वारंवारितेत, म्हणजेच लांब लहरींत. काही दीर्घिकांत जुन्या ढगांच्या आत नव्या झोतांची जोडी दिसते, म्हणजे विझलेली चूल पुन्हा पेटलेली. कृष्णविवर कधी जागं होतं आणि कधी निजतं, याचा इतिहास असा वाचता येतो.

आणि हा आवाज इतका क्षीण असतो की चंद्रावर एक साधा मोबाईल ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल. विजेच्या गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा सांगाडा, वरच्या तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे सगळ्या वारंवारितांवर एकदम उठलेला गोंगाट. शिवाय गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सिग्नलचं रेडिओ, शेकडो प्रवाशांचे फोन. भोवतीच्या डोंगरांच्या आडोशाची आणि शहरी गोंगाटापासून दूर, म्हणून तर खोडदची जागा निवडली गेली.

ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचा आरंभ माहीत असायला हवा होता. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९६३मध्ये परदेशातून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या आणि सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. मग १९७०मध्ये उटीची ५३० मीटर लांब दुर्बीण, मग खोडद. लहानपणी मी कल्याण-मुरबाड-माळशेज करत किती वेळा गावी गेलो असेन! ज्या रस्त्याने जातोय त्याच्या एका टोकाला आरंभ आणि दुसऱ्या टोकाला कळस आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं इथे, द्रेंते प्रांतात, एका डच शेजाऱ्याकडून. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी दुर्बिणीच्या बाजूचा आहे, हे काकांना स्पष्ट सांगितलं. मार्ग वळवावा लागत असेल तर वळवावा. पण काकांची दुसरी तक्रार मला खोडून काढता आली नाही. ते म्हणाले, "शांतता आमच्या शिवारातून घेतली. कारखाने नाहीत, आता गाडी नाही. त्या बदल्यात आम्हाला काय मिळालं, हे आमच्या भाषेत कुणी येऊन सांगितलं का?" २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदचं फाटक उघडतं, शाळांच्या सहली येतात, हे मी म्हणालो. "पोरं बघून येतात," काका म्हणाले, "पण जमीन पोरांची नसते."

इथे काय झालं? लोफारच्या परिसरात ४५ पवनचक्क्यांचा प्रकल्प आला. गावांनी कडवा विरोध केला, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फूट पडली, जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांना धमक्या आल्या. इथलं सगळं गोड आहे, असं मी काकांना भासवणार नाही. पण दुर्बीणवाले आणि पवनचक्कीवाले यांच्यात २०१६मध्ये लेखी करार झाला: यंत्रांनी किती रेडिओ गोंगाट करायचा याची मर्यादा नेहमीच्या नियमापेक्षा कितीतरी कडक ठरवायची, आणि ती मोजून तपासायची. चक्क्या उभ्या राहिल्या, दुर्बीणही चालू आहे. पवनचक्की म्हणजे धावती रेल्वे नव्हे, तिचा तोडगा तसाच्या तसा जुन्नरला लागणार नाही. मला हेवा वाटतो तो आकड्यांचा. किती गोंगाट चालेल, किती चालणार नाही, हे कागदावर होतं आणि भांडणारे दोन्ही पक्ष त्याच कागदावर बोट ठेवून भांडत होते. काकांपर्यंत असा एकही आकडा आलेला नाही. त्यांच्यापर्यंत आली ती फक्त "दुर्बिणीमुळे" ही बातमी, आणि तिच्यामुळे त्यांचा राग खोडदवर बसला. ज्या तबकड्यांचा तालुक्याने अभिमान धरायचा त्या आज गावातल्या चहाच्या टपरीवर शिव्या खातात. आठ किलोमीटरवर अडतं की अठरा किलोमीटरवर, बोगद्यातून गेली तर किती फरक पडतो, हे मराठीत छापून ग्रामसभेत ठेवायला हवं. माणसं ऐकतात. बाजारभावाचा आकडा रोज पारखून घेणाऱ्या माणसाला डेसिबल कळणार नाही, असं मी मानत नाही.

फोन ठेवताना काका म्हणाले, "तो तिकडचा कागद वाचायला मिळंल का?" डच मला आता बऱ्यापैकी वाचता येतं. गेले तीन रविवार मी त्यातल्या अटी मराठीत उतरवतोय. पहिली चार पानं काकांना पाठवली आहेत. त्यांनी ती गाळ्यावर प्रिंट काढून ठेवली आणि ओतूरहून माल घेऊन आलेल्या दोघांना वाचून दाखवली.